बैलगाडीत सतरा टन

१९९६ चा डिसेंबर, गळीत हंगाम भरात. सांगली भागातल्या एका साखर कारखान्यातून रात्री नऊला फोन आला. तिथले कॉम्प्युटर मी बघायचो. वजनकाट्यावरचा क्लार्क होता. "साहेब, बैलगाडीचं वजन सतरा टन चारशे ऐंशी किलो आलंय. पावतीपण छापून गेली."

मी स्क्रू ड्रायव्हर आणि दोन फ्लॉपी पिशवीत टाकल्या आणि गाडीला किक मारली.

बैलगाड्यांचा लहान काटा त्या दिवशी बंद होता, म्हणून गाड्याही मोठ्या काट्यावरच घेत होते. मी पोहोचलो तेव्हा ती गाडी काट्यावरच उभी, बैल निवांत रवंथ करत होते आणि मागे ट्रॅक्टरांची रांग पार रस्त्यापर्यंत गेलेली. गाडीवाले म्हातारे तात्या पावती दिव्यापुढं धरून सगळ्यांना दाखवत होते, "आवं, माझी बैलं हत्ती हायती का?" माणसं हसत होती. मग तेच म्हणाले, "जास्त आलं म्हणून दिसलं. कमी आलं असतं तर कुणी सांगितलं असतं?" हसू तिथंच थांबलं. मागून कुणीतरी 'काटामारी' म्हणालं.

काट्याचा मिस्त्री माझ्या आधीच येऊन गेला होता. त्यानं वीस किलोची प्रमाणित वजनं ठेवून पाहिली, काटा बरोबर निघाला. भिंतीवरच्या इंडिकेटरवर गाडीचं वजन २,३१० किलो दिसत होतं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर मात्र १७,४८०. त्याआधी काट्यावरून उतरलेल्या दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरची पावती काढायला लावली. तिच्यावरही १७,४८०.

म्हणजे काटा खरं बोलत होता, कॉम्प्युटर जुनंच घोकत बसला होता.

४८६ प्रोसेसरचं यंत्र, त्यावर विंडोजच्या आधीची डॉस ६.२२ प्रणाली, वजनाचा प्रोग्रॅम फॉक्सप्रो या डेटाबेसच्या भाषेत कुणीतरी लिहिलेला. इंडिकेटरकडून सिरियल केबलनं आकडा यायचा, प्रोग्रॅम तो पडद्यावर ठेवायचा आणि क्लार्कनं एंटर दाबलं की छापायचा. आकडा किती जुना आहे हे तपासायची सोयच नव्हती. नवा आला नाही तर जुनाच दिसत राहायचा. आजही माझं मत आहे की खरा गुन्हा त्या प्रोग्रॅमचा. इंडिकेटर क्लार्कच्या पाठीमागं होता, तो बिचारा पडद्याकडं बघून पावत्या फाडणार.

"पूर्वी कधी झालं होतं?" मी विचारलं.

"होतं की अधूनमधून. रीस्टार्ट केलं की बरा होतो."

"कधी होतं?"

त्यानं डोकं खाजवलं. "तासाला ऑफिसला डेटा पाठवतो ना, त्याच्यानंतर."

इथं मला घाम फुटायला लागला. डेटा पाठवायला तो वजनाचा प्रोग्रॅम बंद करून एक बॅच फाइल चालवायचा. ती नेटवर्क कार्ड चालवणारा ड्रायव्हर चढवायची, फाइल ऑफिसातल्या नॉवेल कंपनीच्या नेटवर्क सर्व्हरवर टाकायची, मग तो पुन्हा वजन सुरू करायचा. आदल्या हंगामात हे नेटवर्क कार्ड मीच बसवलं होतं.

बॅच फाइल चालवली आणि एमएसडी हा डॉसचा तपासणी प्रोग्रॅम उघडून आयआरक्यूची, म्हणजे कुठल्या भागाला हाकेचा कुठला नंबर त्याची, यादी पाहिली. तीन नंबरच्या ओळीत कॉम २, म्हणजे काट्याची केबल लावलेला सिरियल पोर्ट, दिसत होता, पण ती हाताळणाऱ्याच्या रकान्यात नेटवर्क ड्रायव्हर येऊन बसला होता. कव्हर उघडलं. आयसा खाचेत बसणारं एनई२००० जातीचं नेटवर्क कार्ड, आणि हाकेचा नंबर ठरवणारी त्याची पिन, म्हणजे जम्पर, तीनवर. खोक्यातून आलं तसंच मी ठोकलं होतं.

आयआरक्यू म्हणजे कार्डानं प्रोसेसरला मारलेली हाक. त्या यंत्रांत अशा एकूण सोळा वायरी. टायमर, कीबोर्ड, फ्लॉपी, घड्याळ, हार्ड डिस्क यांनी आपापल्या धरल्या की हाताशी थोड्याच उरायच्या. आयसा जोडणीत वायर खालून वर जायची त्या क्षणालाच हाक मानायचे. ती वरच राहिली तर पुढची हाक ऐकूच यायची नाही. नॉवेलचा सर्व्हर मिनिटामिनिटाला सगळ्यांना उद्देशून काहीतरी पुकारायचा. तो संदेश आला की नेटवर्क कार्ड तीन नंबरची वायर वर करायचं. वजनाच्या प्रोग्रॅमला त्या कार्डाची ओळखच नाही, तो वायर खाली कशाला आणवेल? त्याच वायरीवरची सिरियल पोर्टची हाक तिथंच मेली आणि पडद्यावर जुना ट्रॅक्टर उभा राहिला.

मग आदल्या वर्षी का नाही झालं? क्लार्कनंच सांगितलं. मे महिन्यात वळवाच्या पावसात वीज पडली, कॉम १ जळाला. कारखान्याच्या इलेक्ट्रिशियननं केबल शेजारच्या कॉम २ वर लावली आणि प्रोग्रॅममध्ये पोर्टचा नंबर बदलला. कॉम १ ची हाक चारवर, कॉम २ ची तीनवर. तोवर दोघांची गाठच पडली नव्हती.

जम्पर पाचवर नेला. दुसरा प्रिंटर किंवा साउंड कार्ड असलं तर पाच अडायची, पण काट्याच्या खोलीत गाणी कोण ऐकणार! घाईत नेट.सीएफजी या नेटवर्कच्या सेटिंग फाइलमधला तीनचा आकडा बदलायला विसरलो, सर्व्हर सापडेना, त्यात दहा मिनिटं गेली. बाहेर ट्रॅक्टरवाले हॉर्न वाजवायला लागले होते.

मग डेटा पाठवला, वजन सुरू केलं, पाच मिनिटं वाट पाहिली आणि तात्यांना गाडी हलवायला सांगितली. आकडे उतरत शून्यावर आले. पुन्हा चढवली, २,३१०. तात्यांनी पडदा बघितला, इंडिकेटर बघितला, परत पडदा बघितला. नवी पावती घडी घालून टोपीत ठेवली.

त्यांचा प्रश्न मात्र माझ्या डोक्यातून जाईना. बाराच्या पुढं क्लार्कला सोबत घेऊन हंगामाच्या सुरुवातीपासूनची नोंदवही चाळली. डेटा पाठवल्यानंतर लगेच, एकापाठोपाठ, किलोला किलो सारखं भरवजन असलेल्या सहा जोड्या निघाल्या. दोन गाड्या योगायोगानंही सारख्या भरू शकतात. त्यात कोण बुडालं आणि कोण तरलं हे काढायला मागे काही उरलं नव्हतं. तो ऊस कधीच गाळपाच्या गव्हाणीत गेला होता.

यादी लिहून शेतकी अधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवली. कार्ड मी बसवलं होतं हेही खाली लिहिलं. त्या रात्रीचं बिल मी लावलं नाही. यादीचं पुढं काय झालं ते मला कुणी सांगितलं नाही, आणि मीही विचारायला गेलो नाही.