पासवर्ड बदलला, तरी चोर आतच होता

ऑफिसात कॉम्प्युटरचं काही अडलं की मला हाक मारतात. एकदा अकाउंट्समधल्या ताई स्वतःच घाईघाईनं आल्या. एका ग्राहकानं फोन करून विचारलं होतं, "तुमचं बँक खातं बदललं का? मेलवर नवा नंबर आलाय." ताईंनी असा मेल पाठवलाच नव्हता. पण तो त्यांच्याच खात्यातून गेला होता आणि 'सेंट'मधून पुसलेलाही होता.

मी पासवर्ड बदलायला लावला, तोही दुसऱ्या, स्वच्छ कॉम्प्युटरवरून. खरं काम त्यानंतर सुरू झालं. पासवर्ड बदलला की सुटलो, असं बरेच जण धरून चालतात, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

मूळ शोधताना एक मेल सापडला. नेहमीच्या पुरवठादाराशी चाललेल्या जुन्याच पत्रव्यवहारात उत्तर आलं होतं: "सुधारित बिल सोबत जोडलं आहे." पाठवणाऱ्याचा पत्ता खरा, विषय खरा, खालचा मागचा मजकूरही खरा, कारण पुरवठादाराचं खातं आधीच कुणीतरी बळकावलं होतं. लॉटरी लागल्याचे, खातं बंद होणार असल्याचे सरसकट पाठवलेले मेल बहुतेकांना ओळखू येतात. पण आपण ज्या कागदाची वाट पाहतोय तोच समोर आला, तर संशय घ्यायचा कशावरून? ताईंना बोल लावणाऱ्यांशी मी त्या आठवड्यात बराच वाद घातला.

बिलाच्या लिंकवर लॉगिनचं पान उघडत होतं. लोगो बरोबर, ताईंचा मेल आयडी आधीच भरलेला. त्यांनी पासवर्ड टाकला, मग ओटीपी टाकला आणि खरोखरच एक पीडीएफ उघडली. ओटीपी असूनही खातं गेलं कसं, हे सगळ्यांना पडलेलं कोडं होतं. ते पान मधल्या दलालासारखं काम करत होतं: ताई जे टाइप करतील ते त्याच क्षणी खऱ्या सर्व्हरला पोचवायचं आणि सर्व्हरनं लॉगिन मान्य केलं की ब्राउझरला मिळणारी सेशन कुकी, म्हणजे 'हा माणूस लॉगिन झालेला आहे' याची डिजिटल खूण, स्वतःकडे ठेवायची. ती कुकी हातात असली की पुन्हा ना पासवर्ड लागतो, ना ओटीपी.

म्हणून दुसरं काम, सगळ्या डिव्हाइसवरून खातं लॉगआउट करणं. तिसऱ्या कामात मात्र मी थबकलो. मेलच्या सेटिंगमध्ये 'रूल्स' उघडले, तर तिथे एक नियम होता, नावाच्या जागी नुसता एक टिंब. विषयात 'इनव्हॉइस' किंवा 'पेमेंट' असलेला मेल आला की तो 'वाचलेला' म्हणून खूण करून, कुणी कधीच न उघडणाऱ्या एका फोल्डरमध्ये टाकायचा. त्या फोल्डरमध्ये ग्राहकांची उत्तरं पडून होती: "हे नवीन खातं नक्की तुमचंच ना?" त्यांतल्या काहींना चोरानं ताईंच्या नावानं उत्तरही दिलं होतं, अगदी सभ्य भाषेत.

लॉगिनच्या पडताळणीसाठी त्यानं स्वतःचा फोनही जोडून ठेवला होता, तो काढला. खातं वापरायची परवानगी दिलेली ॲप्स तपासली. हे विसरू नका, कारण फिशिंगचा, म्हणजे अशा खोट्या मेल-पानांनी फसवण्याचा, एक प्रकार पासवर्ड मागतच नाही. तो फक्त 'परवानगी द्या' एवढंच दाबायला लावतो आणि मग पासवर्ड कितीही बदला, त्या ॲपचा प्रवेश चालूच राहतो.

ग्राहकांना मेल न करता एकेकाला फोन केले. एकानं पैसे पाठवायची तयारी केली होती, ती थांबवली. या मार्गानं मोठमोठे फसलेत. 2013 ते 2015 दरम्यान लिथुआनियातल्या एका माणसानं पुरवठादार असल्याचं भासवून, खोटी बिलं पाठवून गूगल आणि फेसबुककडून 10 कोटी डॉलरहून जास्त रक्कम उकळली.

या गडबडीत ताईंना एक फोन आला: "आयटी सपोर्टमधून बोलतोय, खातं सुरक्षित करायचंय, आलेला कोड सांगा." त्यांनी तो तिथेच कापला. पाठोपाठ मोबाइलवर 'लॉगिन मंजूर करा' अशा सूचनांचा मारा सुरू झाला. माणूस वैतागून एकदा तरी 'हो' दाबेल, एवढीच त्यामागची आशा. 2022 मध्ये उबरमध्ये शिरलेल्या हॅकरनं हेच केलं होतं.

नंतर मी सगळ्यांना पत्ता वाचायला शिकवलं. 'एचटीटीपीएस'ला लागून असलेल्या दोन तिरप्या रेघा सोडा, त्यांच्या पुढच्या पहिल्या तिरप्या रेघेपर्यंत जा आणि तिथून मागे वाचा. खरा मालक तिथे कळतो. सुरुवातीला ओळखीचं नाव कुणीही चिकटवू शकतो. इंग्रजी आर आणि एन शेजारी आले की एम भासतात. कुलपाचं चिन्ह फक्त एवढंच सांगतं की मधला मार्ग बंदिस्त आहे. पलीकडे कोण बसलंय ते नाही. क्यूआर कोडमध्ये तर पत्ता स्कॅन करेपर्यंत दिसतच नाही.

तरी डोळ्यांवर माझा पूर्ण भरवसा नाही. म्हणून अकाउंट्समध्ये पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी वापरायची डिजिटल किल्ली, लावून घेतली. ती ज्या डोमेनसाठी, म्हणजे वेबसाइटच्या ज्या मूळ पत्त्यासाठी, बनवली तिथेच चालते. नकली पानावर ब्राउझर ती पुढेच करत नाही, मग समोरचा माणूस कितीही फसलेला असो. गूगलनं 2017 मध्ये कर्मचाऱ्यांना याच तत्त्वावर चालणाऱ्या सिक्युरिटी की, म्हणजे लॉगिनसाठी वापरायची छोटी उपकरणं, सक्तीच्या केल्या होत्या. आणि बँक खातं बदलल्याचा निरोप कुणाकडूनही आला, तर आता ताई आपल्याकडच्या जुन्या नंबरवर फोन करतात, मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही. पुरवठादारालाही मी फोन करून त्याचे 'रूल्स' तपासायला लावले. त्याच्याकडेही तसाच टिंबाचा नियम निघाला.