सुटका झाली, पण मोबाइल नंबर गेला होता

जेलमधून सुटल्यावर पहिलं काय केलं, असं कुणी विचारलं की मी सांगतो, सिमकार्ड घेतलं. जुना नंबर केव्हाच दुसऱ्याच्या नावावर गेलेला, आणि आधार, बँक, गॅस सगळं त्यालाच जोडलेलं. जाईन त्या खिडकीवर एकच वाक्य, ‘ओटीपी सांगा.’ तो ओटीपी कुणाच्या खिशात वाजत होता, देव जाणे.

नव्याने सुटलेल्यांना मी हाच क्रम सांगतो: आधी आधार, मग बँक. आधारला नवा नंबर जोडायला कागद लागत नाही, केंद्रावर जाऊन अंगठा द्यायचा आणि फी भरायची. सुतारकामाने माझा अंगठा इतका घासलेला की मशीन तो लवकर घेईना, ते सोडा. खात्यात दोन वर्षं व्यवहार झाला नाही की बँक ते निष्क्रिय करते. केवायसी नव्याने दिलं की ते चालू होतं, आणि त्याचे पैसे लागत नाहीत. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, “इतकी वर्षं कुठे होतात?” मी सुटकेचा दाखला पुढे केला. त्यांनी वाचला, परत दिला, म्हणाल्या, “इथे सही करा.” एवढंच. रात्रभर जुळवलेली उत्तरं मनातच राहिली.

कामाचं मात्र अवघड गेलं. येरवड्याच्या कारखान्यात मी सुतारकाम शिकलो, शेवटचा काळ पैठणच्या खुल्या कारागृहात शेतावर काढला. हातात कसब होतं, पण वाळूजच्या एका ठेकेदाराने पोलिसांचा चारित्र्याचा दाखला मागितला आणि पुढे माझा फोन उचलला नाही. त्यानंतर मी ठरवलं, विचारायच्या आत आपणच सांगायचं. फर्निचरच्या एका कारखान्यात मालकांना म्हटलं, “शेठ, ३०७ मध्ये, खुनाच्या प्रयत्नात, शिक्षा भोगून आलोय.” ते म्हणाले, “ते राहू दे, रंधा मारून दाखव.” आजही तिथेच आहे. मजुरी आधी कमी होती, हे लपवत नाही. असा माणूस स्वस्तात मिळतो, हे त्यांनाही ठाऊक होतं.

घरी आईला वेगळीच काळजी. आत जेवण संध्याकाळी बरॅकीला कुलूप लागायच्या आधी मिळतं, त्यामुळे पाच वाजले की मला भूक लागायची. रात्री दिवा मालवला की झोप उडायची, कारण बरॅकीत तो रात्रभर जळत असतो. आईने काही न विचारता स्वयंपाकाची वेळ बदलली. दादा म्हणाला, गावातच राहा, शेती बघ. पण बांधाच्या ज्या भांडणात हे सगळं झालं, त्यातलं समोरचं घर त्याच गल्लीत आहे. रोज माझं तोंड त्यांनी का बघावं? म्हणून संभाजीनगरला खोली घेतली.

गावात एक जण छातीठोकपणे म्हणाला, “आता तुला मत देता येणार नाही.” मी वकिलांना विचारलं. मतदान बंद असतं ते तुरुंगात असेपर्यंत. दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झालेल्याला आमदारकीला उभं राहायचं असेल, तर सुटकेनंतर सहा वर्षं थांबावं लागतं. मला कुठे उभं राहायचंय! गावच्या यादीत नाव शाबूत होतं, म्हणून आठ नंबरचा फॉर्म भरून ते इकडच्या पत्त्यावर आणलं.