काळ्या तोंडाची मैना

आमच्या गावात मांजरांना तोटा नाही, सोयाबीनच्या पोत्यांमागे वितात, कोणाच्याही ओसरीवर झोपतात, नाव-बिव कोणी ठेवत नाही. त्यात नणंदेची बदली बंगलोरला झाली आणि तिची सयामी मांजर नागपूरहून थेट आमच्या घरी, आर्वी तालुक्यात येऊन पडली. अंग सायीच्या रंगाचं, तोंड-कान-पाय-शेपूट काळंकुळकुळीत, डोळे निळे. शेजारच्या काकू बघून म्हणाल्या, "काहून वं, हे त वानराच्या तोंडाची दिसते!" आता संत्र्याच्या बगीच्यात येणारी वानरं ज्यांनी पाहिली त्यांना हे पटेलच. दुसरीला वाटलं चुलीत तोंड घालते. "धुत नाई का इले?"

काजळी नाही हो ती. या जातीच्या अंगात रंग बनवणारं जे एन्झाइम असतं ते गरम जागी काम करत नाही, फक्त थंड जागी करतं. मांजरीचं अंग 38-39 डिग्री, म्हणून पोट-पाठ फिकी, आणि कान-शेपूट-पंजे जरा थंड म्हणून काळे. पिल्लं तर आईच्या पोटातल्या उबेमुळे जवळजवळ पांढरीच जन्मतात. नागपूरला तिचं नसबंदीचं ऑपरेशन झालं तेव्हा कुशीवरचा चौकोन भादरला होता, तिथे केस आले ते चक्क काळपट, कारण उघडी कातडी थंड पडलेली. मामाजी म्हणजे माझे सासरे, त्यांना वाटलं डॉक्टरने टाका जाळला. पुढच्या वेळी केस गळून नवे आले तेव्हा डाग गेला, तोवर येणाऱ्या-जाणाऱ्याला समजावून सांगायची ड्युटी माझी. डिसेंबरात थंडी पडली की अंगभर जरा गडद होते, उन्हाळ्यात परत उजळते.

पण उन्हाळा म्हणजे नुसता रंगाचा खेळ नाही ना. नवतपात आमच्याकडे पारा 45 च्या वर जातो, कुलर चालू असला तर ठीक, लाइट गेली की मैना (हे नाव पोरानं ठेवलं) न्हाणीतल्या ओल्या फरशीवर जाऊन आडवी होते. कुत्रा जीभ काढून धापा टाकतो ते त्याचं नेहमीचं, मांजर तोंड उघडून धापा टाकायला लागली की समजायचं काम बिघडलं, ओलं फडकं अंगावर आणि लगेच डॉक्टर. पाणी पण या लोकांना स्वतःहून प्यायची सवय कमीच, आणि पाणी कमी पडलं की लघवीचा त्रास, म्हणून ताटलीपासून दूर दोन-तीन ठिकाणी वाटग्या ठेवते. तिला मात्र माठाखाली ठिबकणारंच पाणी गोड लागते.

खाण्यावरून तर घरात महाभारत. मामाजी माळकरी. त्यांचं म्हणणं दूध-पोळीवर गावातल्या सगळ्या मांजरी जगतात. जगतात कसल्या, उंदीर-पाखरं मारून जगतात, दूध-पोळी वरून. मांजरीला टॉरीन नावाचं द्रव्य मांसातूनच मिळतं, ते नाही मिळालं तर डोळे जातात, हृदय कमजोर होतं. दूध तर मोठ्या मांजरींना बहुतेक पचतच नाही. शेवटी मांडवली अशी झाली की चिकन मागच्या अंगणात वेगळ्या चुलीवर शिजेल, भांडं वेगळं, आणि त्यात मीठ-मसाला-कांदा-लसूण काही नाही. कांदा-लसूण तिला विषच, त्यामुळे पाहुण्यांनी प्रेमानं सावजी रश्श्यातला पीस टाकला की मी ताटापर्यंत धावते.

लाड काही नवे नाहीत म्हणा या जातीचे. 1878 साली बँकॉकमधल्या अमेरिकेच्या वाणिज्यदूतानं तिकडचे प्रेसिडेंट हेज यांच्या बायकोला, ल्युसीबाईंना सयामी मांजर पाठवली होती, व्हाइट हाउसमध्ये तिला मासे, बदक, मलई सगळं मिळालं, खुद्द प्रेसिडेंटच्या डॉक्टरनं उपचार केले, तरी आजारी पडली ती वर्षभराच्या आत गेलीच.

औषधांची मला त्याहून भीती. एकदा मैना नुसती पडून होती तर मामाजी म्हणाले, "सुनबाई, तापाची अर्धी गोळी घोळून दे तिले दुधात." मी हात जोडले. पॅरासिटामॉल मांजरीच्या लिव्हरला फोडताच येत नाही, एका गोळीत मांजर मरते. तसंच गोचिडाचं. बैलाला फवारतो ते सायपरमेथ्रिन-डेल्टामेथ्रिन मांजरीला झटके आणते. आणि कपाशीवर फवारणी चालू असली की आमचे हे पंप ठेवून तसेच आत येतात, मैना पायात घोटाळते, मग अंग चाटते. म्हणून ते कपडे आता गोठ्यातच उतरायचे, घरात पाऊल नंतर. उंदराचं औषध घरात आणणं बंदच, औषध खाल्लेला उंदीर तिनं धरला तर?

तालुक्याच्या दवाखान्यातले डॉक्टर भले माणूस, बैल-बकऱ्यांच्या रांगेत मला टोपलीसकट बघून हसतात. रेबीजची लस तिथे मिळते, मांजरीची तिहेरी लस नागपूरहून बर्फात आणावी लागते. दर वर्षी ही धावपळ, पण पॅनल्यूकोपेनिया नावाचा मांजरांचा जीवघेणा रोग एकदा घुसला की पिल्लांचा सुपडा साफ होतो.

आणि बोलणं! सयामी मांजर म्याव करत नाही, भांडते. पहाटे चार वाजता बारक्या लेकरागत सूर काढते, उत्तर दिलं की परत उलट उत्तर. डॉक्टर म्हणाले, ही गप्प झाली तर आणा, आणि वजनावर लक्ष ठेवा. तर दर रविवारी धान्याच्या काट्यावर टोपली चढते. साडेतीन किलोची बाई हळूहळू चारवर आली. झालं असं की जेवून झालं तरी ती घरातल्या प्रत्येकापुढे जाऊन उपाशी असल्याचं रडगाणं गाते, आणि प्रत्येक जण भुलतो. आता चुलीमागे भिंतीवर खडूनं रेघ मारायची असं ठरलंय, ज्यानं खाऊ घातलं त्यानं रेघ मारायची. रेघा दिवसाला दोनच दिसतात, काटा मात्र वर चाललाय, आणि मागच्या अंगणातल्या त्या वेगळ्या भांड्याचं झाकण मला परवा मामाजींच्या खाटेखाली सापडलं.