माझ्या खिशात काय आहे?

शनिवारी दुपारी पावसाने झोडपायला सुरुवात केली आणि पाठोपाठ लाइट गेली. आमच्या वाचनालयाच्या बालविभागात तेव्हा अकरा पोरं. घरी सोडता येईना, अंधारात वाचता येईना. ‘काका, भुताची गोष्ट सांगा’ अशी मागणी आली. भुताची सांगितली की दुसऱ्या दिवशी आया भांडायला येतात, हा माझा जुना अनुभव. म्हणून मी टोल्किनच्या ‘द हॉबिट’मधलं पाचवं प्रकरण काढलं. कुणीतरी दान दिलेली इंग्रजी प्रत आमच्याकडे आहे. दाखल झाल्यापासून ती एकदाही बाहेर गेलेली नाही.

बिल्बो म्हणजे माणसाच्या निम्म्या उंचीचा, खाऊनपिऊन सुखी, घर सोडायला नाखूश असा हॉबिट. तेरा बुटक्यांनी त्याला ड्रॅगनचा खजिना चोरायला ओढत आणलेलं. डोंगराखालच्या भुयारात तो वाट चुकतो. चाचपडताना हाताला एक अंगठी लागते, ती खिशात टाकतो. पुढे काळं तळं, आणि तिथे गॉलम नावाचा अंधारात राहणारा विचित्र प्राणी. दोघं कोड्यांची पैज लावतात. बिल्बो जिंकला तर गॉलम बाहेरची वाट दाखवणार. हरला तर त्याला खाणार.

बिल्बोचं एक कोडं मी मराठीत सांगितलं: लाल टेकडीवर तीस पांढरे घोडे.

‘दात!’ चौघं एकदम ओरडली. एक मुलगी म्हणाली, ‘आमची आजी बत्तीस चिरे, त्यात नागीण फिरे असं घालते. याचे दोन कुठे गेले?’ मी म्हटलं, गॉलमला तर सहाच आहेत. हे पुस्तकातच आहे, माझी भर नाही. एकाने जिभेने स्वतःचे दात मोजायला घेतले आणि गोष्ट अडली.

मग ते शेवटचं. बिल्बोला काही सुचेना. खिशात हात गेला आणि तो स्वतःशीच पुटपुटला, ‘माझ्या खिशात काय आहे?’ गॉलमला वाटलं हेच कोडं. बिल्बोनेही तेच रेटलं.

‘चीटिंग!’

इतका कल्ला झाला की वर वर्तमानपत्र विभागातले आजोबा जिना उतरून डोकावून गेले. हे कोडं नाहीच, असं एका गटाचं म्हणणं. कोड्याचं उत्तर कोड्यातच असावं लागतं. दुसरा गट म्हणे, जीव जायची वेळ आली की चालतं. गॉलम तीन संधी मागून घेतो. हात! चुकलं. चाकू! चुकलं. ‘दोरी, नाहीतर काहीच नाही!’ यावर पुन्हा कल्ला: एका संधीत दोन उत्तरं दिली, म्हणजे तोही चीटर.

आता माझी चूक. ज्ञान पाजळायची खोड म्हणून सांगून बसलो, की 1937च्या पहिल्या आवृत्तीत गॉलम हरल्यावर निमूट वाट दाखवतो. अंगठी मुळात गॉलमचीच, आणि तिथे ती पैजेचं बक्षीसच होती. पुढच्या मोठ्या पुस्तकात, ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये, त्या अंगठीला भलतंच वजन आलं, म्हणून टोल्किनने 1951च्या आवृत्तीत हे प्रकरण बदललं.

‘मग खरं कुठलं?’

पहिली हकिकत बिल्बोने खोटी सांगितली होती, अशी सारवासारव लेखकाने केली आहे, असं मी म्हटलं. ‘बघा, मी म्हटलं होतं ना!’ पहिल्या गटाचा पुढारी, वय वर्षं नऊ, टेबलावर चढला.

मग आणखी एक सांगितलं: ‘द हॉबिट’चं हस्तलिखित प्रकाशकाने आपल्या दहा वर्षांच्या मुलाला वाचायला दिलं होतं, अभिप्रायाचा एक शिलिंग देऊन. त्याने लिहिलं, पाच ते नऊ वर्षांच्या सगळ्या मुलांना आवडेल. स्वतः दहाचा ना! आमची दहा-अकराची मंडळी ऐकून चिडली.

पाऊणेक तासाने लाइट आली तरी कुणी उठेना. मी अशी पुस्तकं ड्रॅगनच्या जोरावर खपवायला बघायचो. त्या दिवशी ड्रॅगनचं काय झालं हे एकानेही विचारलं नाही. भांडण सगळं त्या खिशावरून.

सोमवारी तो पुढारी देवघेवीच्या टेबलापाशी आला. इंग्रजी त्याला धड येत नाही, तरी तेच पुस्तक हवं. मी नोंदवही उघडली तर म्हणे, ‘थांबा काका. माझ्या खिशात काय आहे? तीन चान्स.’

गोटी. खोडरबर. चिंच.

तिन्ही चुकली. पुस्तक घेऊन गेला, आणि अजून सांगितलेलं नाही.