डिकीतला दहा लिटरचा कॅन

आमच्या ताफ्यात माझी गाडी सगळ्यात शेवटी असते. पुण्या-मुंबईची, नाशिक-कोल्हापूरची माणसं आपापल्या गाड्या घेऊन मनालीला येतात, तिथून आम्ही त्यांना लेहला नेतो. पुढच्या गाडीत लीडर, मागच्या गाडीत मी आणि एक मदतनीस पोरगा. हत्यारं, पंक्चरचं सामान, ओढायचा पट्टा, ऑक्सिजनचा सिलिंडर आणि जादा इंधन, सगळं माझ्याकडे. मागे राहिल्यामुळे मला जे दिसतं ते लीडरला दिसत नाही: कुणाचे ब्रेक तापलेत, कोण दमलाय, कोण चढावर उगीच क्लचवर पाय ठेवून बसलाय.

गेल्या जुलैतला एक दिवस मात्र डोक्यातून जात नाही. त्यावरून लीडरचं आणि माझं अजून एकमत झालेलं नाही.

नाशिकचं कुटुंब होतं. आई, वडील आणि नऊ वर्षांची मुलगी. पेट्रोलवर चालणारी मोठी गाडी. रात्री जिस्पाला मुक्काम झाला, मुलगी तिथे व्यवस्थित जेवली, झोपली. सकाळी बारालाचा खिंड ओलांडून सरचूला जायचं होतं. झिंगझिंगबारच्या पुढे चढ लागल्यावर वॉकीवर आईचा आवाज आला, "दादा, हिचं डोकं फार दुखतंय." खिंडीच्या माथ्याजवळ उलटी झाली. माथा जवळपास ४,८९० मीटरवर, तिथे थांबण्यात अर्थ नव्हता. लीडरनं सांगितलं, "भरतपूरच्या तंबूंपाशी घ्या. मागच्या गाडीनं ऑक्सिजन काढून ठेवा."

डोकेदुखी, उलटी, झापड. विरळ हवेची ही लक्षणं आम्हाला पाठ असतात आणि तशी ती असलीच पाहिजेत, कारण दुर्लक्ष केलं तर माणूस हातचा जातो. लीडरचा हुकूम त्या हिशोबानं बरोबरच होता.

मी पोचलो तेव्हा आमचा पोरगा सिलिंडर घेऊन मागच्या सीटपाशी उभा होता, मास्क मुलीच्या तोंडाशी नेत होता. मी दुसऱ्या बाजूचं दार उघडलं आणि पेट्रोलचा भपकारा आला. नाकात नव्हे, सरळ डोळ्यांत. मी ओरडलो, "व्हॉल्व्ह उघडू नको! आधी तिला बाहेर घे!"

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही, तळाशी साचते, सीटखाली, पायांपाशी. हवेत तिचं प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास गेलं तरी ठिणगी पुरते. त्यात ऑक्सिजन सोडला की कापड, फोम, केस, सगळं कितीतरी वेगानं पेटतं. दहा पावलांवर तंबूत चहाचा स्टोव्ह चालू होता. ते काही सेकंद मला अजून आठवतात.

पुढचं हातानं आपोआप झालं. इंजिन बंद, पण दिवे, पंखा, काच, कुठल्याही बटणाला हात लावायचा नाही. चारी दारं आणि डिकी उघडी. मुलीला उचलून वाऱ्याच्या वरच्या अंगाला, तंबूत नाही, उघड्यावर, माझ्या जाकिटात गुंडाळून. सिलिंडर पुन्हा माझ्या गाडीत, तीस पावलं लांब. वडिलांना सिगारेट ओढायची सवय होती, त्यांचा लायटर मी मागून घेतला. त्यांना राग आला. त्याची पर्वा करायची ती वेळ नव्हती.

आईला विचारलं, "ताई, वास कधीपासून येतोय?" त्या म्हणाल्या, निघताना थोडा आला होता, मग गेला. वास गेला नव्हता, नाक सरावलं होतं. थंडीमुळे काचा बंद, हीटर चालू, आतलीच हवा आत फिरत होती. दोन-अडीच तास ते तिघं त्यात बसले होते आणि मुलगी मागच्या सीटवर, डिकीला पाठ लावून आडवी झोपली होती.

डिकीत चादरी, बुटांची पिशवी आणि त्यांच्यामध्ये प्लॅस्टिकचा पांढरा कॅन. मूळचा खाद्यतेलाचा, दहा लिटरचा. चारी बाजूंनी पुरीसारखा फुगला होता, बूड गोल झाल्यामुळे उभा राहत नव्हता, आडवा पडला होता. झाकणाच्या आत फोमचा पातळ वॉशर असतो, तो पेट्रोलनं भिजून लिबलिबीत झाला होता, नखानं तुटत होता. आट्यांमधून थेंब थेंब गळत होतं. खालचा गालिचा तळहाताएवढ्या भागात ओला, चादरीचं टोक पूर्ण भिजलेलं. गळालं असेल फार तर पाव लिटर. डोकं दुखून उलटी व्हायला एवढं पुरतं.

हे का झालं ते समजायला अवघड नाही. तो कॅन भरला जिस्पाच्या अलीकडच्या तांदीच्या पंपावर, साधारण २,५७० मीटरवर, आणि झाकण दोन्ही हातांनी आवळलं. बारालाचाला बाहेरचा दाब तांदीपेक्षा जवळपास पाव हिश्श्यानं कमी असतो. आतला दाब तोच, वर डिकीच्या काचेतून ऊन. पेट्रोल दर १० अंशांना सुमारे एक टक्का फुगतं, आणि त्याहून कितीतरी जास्त त्याची वाफ जोर करते. कॅन गळ्यापर्यंत भरलेला, फुगायला जागाच नव्हती. वाट मिळाली ती झाकणाच्या आट्यांतून.

मला सगळ्यात जास्त त्रास होतो तो पुढच्या गोष्टीचा. तो कॅन मुळात लागतच नव्हता. त्यांच्या गाडीची टाकी ५७ लिटरची, तांदीला काठोकाठ भरलेली. त्या पंपावरची 'पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर' ही पाटी प्रसिद्ध आहे. लोक तिच्यासमोर उभे राहून फोटो काढतात आणि घाबरून शेजारच्या दुकानातून कॅन घेतात. गाडीनं घाटात लिटरला नऊ किलोमीटर दिले तरी ३६५ किलोमीटरला ४१ लिटर लागतात. सरळ रस्त्यानं लेहच्या अलीकडच्या कारूच्या पंपापर्यंत जायला टाकी पुरून उरते. जादा इंधन लागतं ते त्सो मोरीरी, हानले अशा वाटा जोडल्या तर, किंवा टाकीच लहान असेल तर. मारुतीच्या जिमनी गाडीची टाकी ४० लिटरची, तिच्यासाठी मी दहा लिटर वेगळे धरतो. हा हिशोब मनालीला पाच मिनिटांत होतो. पण आमच्या आदल्या रात्रीच्या बैठकीत विरळ हवेवर अर्धा तास आणि इंधनावर दोन वाक्यं. विकणारा विकतो, पंपावरचा पोरगा 'प्लॅस्टिकमध्ये पेट्रोल मिळणार नाही' या पाटीखाली उभा राहून प्लॅस्टिकमध्ये भरून देतो.

पेट्रोलियम कायदा १९३४ सालचा आहे आणि या बाबतीत अगदी स्पष्ट आहे. विक्रीसाठी नसेल तर परवान्याशिवाय जास्तीत जास्त ३० लिटर पेट्रोल बाळगता येतं. भांडं घट्ट बंद होणारं हवं. काचेचं किंवा चिनी मातीचं असेल तर एक लिटरपर्यंत, धातूचं असेल तर २५ लिटरपर्यंत. त्या यादीत प्लॅस्टिक नाही.

म्हणून मी २० लिटरचा पत्र्याचा जेरीकॅन वापरतो. त्याच्याबद्दल मी जरा जास्त बोलतो, बोलू द्या. १९३७ च्या सुमारास जर्मन सैन्यासाठी ही रचना झाली आणि आजही तिच्यात फारसं बदलण्यासारखं काही सापडलेलं नाही. दोन अर्ध्या पेट्या जोडून वेल्ड केलेल्या, जोड आत दबलेला, म्हणजे आपटला तरी मार जोडावर बसत नाही. दोन्ही बाजूंना खोलगट नक्षी, ती शोभेची नाही. पत्रा तिथे थोडा फुगू-दबू शकतो. वर तीन मुठी: भरलेला दोघांनी उचलायचा, रिकामे दोन एका हातात धरायचे. मुठींच्या खाली हवेचा कप्पा, त्यामुळे नीट भरला तरी थोडी जागा उरतेच. आणि झाकणाला आटे नाहीत, खटका आहे. दाबला की रबर सगळीकडे सारखं बसतं.

१९३९ साली पॉल प्लाइस नावाचा अमेरिकन इंजिनिअर एका जर्मन सहकाऱ्याबरोबर बर्लिनहून मोटारीनं भारताकडे निघाला. वाटेत पाणी साठवायला त्या सहकाऱ्यानं टेम्पलहोफ विमानतळावरच्या साठ्यातून असे तीन कॅन उचलून आणले. गाडी कलकत्त्यापर्यंत आली. त्यातलाच एक नमुना पुढे अमेरिकेत पोचला. इंग्रजांचे त्या काळचे पातळ पत्र्याचे डबे आफ्रिकेच्या वाळवंटात इतके गळायचे की त्यांचे सैनिक जर्मनांचे पकडलेले कॅनच जपून वापरायचे. चांगल्या डब्याची किंमत गळक्या डब्याशी गाठ पडल्यावर कळते, हे तेव्हापासून चालू आहे.

पुण्याच्या नाना पेठेत हल्ली हुबेहूब दिसणारे स्वस्त डबे मिळतात. घेताना मी रंग बघत नाही, तोंड बघतो. खटका उघडून रबर बोटानं दाबतो. कडक लागलं तर दुसरं रबर बसवून मागतो. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल असतं, जुन्या रबराला ते मानवत नाही. घरी आणून पाणी भरतो आणि रात्रभर वर्तमानपत्रावर उलटा ठेवतो. सकाळी कागद कोराच हवा. मग उन्हात कडक वाळवून, थोड्या पेट्रोलनं विसळून मगच वापरात. भरताना डबा खाली जमिनीवर, डिकीत किंवा गालिच्यावर कधीच नाही, आणि नोझल धातूला टेकलेलं, म्हणजे स्थिर विजेची ठिणगी पडत नाही. उंचावर उघडताना खटका आधी किंचित, फुस्स होऊन आवाज थांबेपर्यंत तोंड लांब. ओतताना तोंडाची बाजू वर राहील असा आडवा धरायचा, म्हणजे हवा आत जात राहते आणि धार गचके खात नाही. पेट्रोलवर लाल पट्टा, डिझेलवर पिवळा, आणि वर शब्दात लिहिलेलं, कारण हल्लीच्या, कॉमन रेल इंजिनच्या डिझेल गाडीत दहा लिटर पेट्रोल गेलं तर पंपापासून इंजेक्टरपर्यंत सगळं उतरवावं लागतं. आणि डबा बसणाऱ्या माणसांबरोबर आत नाही. टपावर, पुढच्या बाजूला, दोन पट्ट्यांनी. भरलेला जवळपास १९ किलो होतो, टपावर तेवढं वजन वळणात जाणवतं, म्हणून एकापेक्षा जास्त नाही.

भरतपूरला तो पांढरा कॅन मी वाऱ्याच्या खालच्या अंगाला नेऊन आठवा भाग आटा सैल केला. बराच वेळ फुसफुसत राहिला. शांत झाल्यावर फडक्यातून गाळून त्यांच्याच टाकीत ओतला, तेवढी जागा टाकीत झालीच होती. गालिचा आणि चादरी बाहेर दगडांखाली दाबून ठेवल्या.

बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजणारं ऑक्सिमीटर मुलीचा आकडा ८४ दाखवत होतं. माझा ८५. त्या उंचीवर हे आकडे सगळ्यांचेच असतात. पाऊण तासानं तिनं पाणी मागितलं, नंतर बिस्कीट खाल्लं, मग वडिलांना विचारलं की परत कधी निघायचं. उंची तीच होती, हवा मोकळी होती. माझ्यासाठी उत्तर तिथेच होतं.

पण त्यावर भिस्त ठेवून तिला पुढे नेणं मला पटलं नाही. सरचू ४,२९० मीटरवर, रात्र तिथे काढायची, आणि विरळ हवेचा त्रास असेल तर तो रात्रीच वाढतो. परत जिस्पाला उतरायचं तर बारालाचाचा माथा पुन्हा चढावा लागतो. या रस्त्याची खोड हीच, खाली जायची वाट वरूनच जाते. लीडर म्हणाला सरचू. मी म्हणालो जिस्पा, माथा अर्ध्या तासात मागे पडेल. आवाज चढले. शेवटी आई म्हणाल्या, "दादा, आम्ही तुमच्याबरोबर खाली येतो." मुलगी आणि त्या माझ्या गाडीत, पोरगा त्यांची गाडी काचा उघड्या ठेवून मागून. दार्च्याच्या आधीच मुलगी गाणी म्हणायला लागली होती.

आणि तिथेच माझा पुरावा गेला. लीडर म्हणतो, खाली उतरली म्हणून बरी झाली. वडीलही तेच म्हणतात. दुसरं उत्तर मान्य केलं तर तो कॅन त्यांनी घेतला होता, हे येतं. लेहच्या डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, दोन्ही मिळूनही असू शकेल. मला तो पाऊण तास विसरता येत नाही.

आमच्या नोंदवहीत कारणाच्या रकान्यात लीडरनं 'विरळ हवा' लिहिलं. त्याखाली मी 'पेट्रोलची वाफ, डिकीतला कॅन' लिहून सही केली. मालकांनी निम्मं ऐकलं: मनालीला आता आमच्याकडून पत्र्याचे कॅन भाड्यानं मिळतात आणि टाकीचा हिशोब प्रत्येक गाडीला कागदावर करून दिला जातो. रोज सकाळी डिक्या तपासायला त्यांचा नकार आहे, गिऱ्हाइकाला ते आवडत नाही म्हणतात. जिस्पातून निघण्याआधी मी तरीही प्रत्येक डिकी उघडायला लावतो, आणि कुणाचं डोकं दुखायला लागलं तर ऑक्सिमीटर काढण्याआधी गाडीचं दार उघडून आत वास घेतो.