भाडेकरूंसह विकले जाणारे घर

नागपुरातील महाल, इतवारी किंवा सीताबर्डीच्या जुन्या भागात भाडेकरूंसह विक्रीला निघालेल्या इमारतीचा भाव ऐकला, की माझ्यासारख्या लहान गुंतवणूकदाराला मोह पडतोच, कारण मोकळ्या घराच्या मानाने तो बराच कमी असतो. माझे मत असे आहे की त्यातला एकही भाडेकरू कधीच जाणार नाही असे गृहीत धरून भाव ठरवावा आणि विकणारा त्याला तयार नसेल, तर इसार देण्याच्या भानगडीत पडू नये. दलाल ‘दोन वर्षांत खाली करून देतो’ असे सांगतात. ते ऐकून घ्यावे, हिशेबात धरू नये.

विदर्भात पूर्वी मध्य प्रांत व वऱ्हाडचा 1949 चा घरभाडे नियंत्रण आदेश लागू होता. भाडेकरूला घर सोडण्याची नोटीस देण्याआधी रेंट कंट्रोलरची (भाडे नियंत्रण अधिकाऱ्याची) परवानगी आणि त्यानंतर पुन्हा दिवाणी दावा, अशी दुहेरी वाट त्यात होती. 31 मार्च 2000 पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 अमलात आला आणि परवानगीचा टप्पा गेला. भाडेकरूचे संरक्षण मात्र राहिले. घरमालकाला स्वतःसाठी जागा हवी असेल, तर ती गरज खरी आणि प्रामाणिक असल्याचे कोर्टात सिद्ध करावे लागते, आणि राहत्या घराच्या बाबतीत हुकूमनामा (घर खाली करण्याचा कोर्टाचा आदेश) दिल्याने किंवा नाकारल्याने कोणाची अडचण अधिक होईल हेही कोर्ट तोलून पाहते. थकबाकीचा आधार त्याहून कच्चा आहे. लेखी मागणीनंतर 90 दिवस थांबून दावा लावला, तरी समन्स मिळाल्यापासून 90 दिवसांत भाडेकरूने थकबाकी 15 टक्के साध्या व्याजासह आणि दाव्याच्या खर्चासह कोर्टात भरली, तर ताबा मिळत नाही.

आता भाड्याचे गणित. कायदा वर्षाला 4 टक्के वाढ घेऊ देतो. 2000 साली 500 रुपये भाडे असेल आणि ही वाढ दरवर्षी वाढलेल्या रकमेवर धरली, तरी 25 वर्षांनी ते सुमारे 1,333 रुपये होते. हेसुद्धा आधीच्या मालकाने वाढ घेतली असेल तरच, म्हणून सौद्यापूर्वी जुन्या भाडेपावत्या मागून पाहाव्यात. उलट, इमारत राहण्याजोगी ठेवण्याची जबाबदारी मालकाचीच असते. नोटीस देऊनही दुरुस्ती झाली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, फक्त एका वर्षात वर्षभराच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्याहून अधिक नाही. सुधारणा आणि बांधकामातील बदलांच्या खर्चावर भाडेवाढ मागता येते, पण गळके छत दुरुस्त करणे म्हणजे सुधारणा नव्हे. आयकरात भाड्यातून 30 टक्के सरसकट वजावट मिळते. एवढ्या तुटपुंज्या भाड्यावर तिचा आधार तो किती!

नागपुरात कागदांकडे वेगळे लक्ष द्यावे लागते. आखीव पत्रिकेवर, म्हणजे शहरी मिळकतीच्या नोंदपत्रावर, जमीन नझूलची (शहरातली सरकारी जमीन) किंवा नागपूर सुधार प्रन्यासच्या भाडेपट्ट्याची निघाली, तर पट्ट्याचे नूतनीकरण झाले आहे की नाही, हे भाडेकरूंच्या यादीइतकेच महत्त्वाचे ठरते. विक्रीपत्रात खरेदीपूर्वीची थकबाकी वसूल करण्याचा हक्कही स्पष्टपणे लिहून घ्यावा, कारण नुसत्या मालकी हस्तांतराने तो नव्या मालकाकडे येत नाही.

मला अशा इमारतींपैकी एकच प्रकार खरोखर विचार करण्याजोगा वाटतो. खालच्या मजल्यावर बँक किंवा 1 कोटी रुपये अथवा त्याहून अधिक भरणा झालेल्या भांडवलाची कंपनी भाडेकरू असेल, तर तेवढी जागा या कायद्याच्या कक्षेबाहेर राहते आणि तिचे भाडे कराराप्रमाणे ठरवता येते. वरचा एखादा ब्लॉक आपोआप रिकामा झालाच, तर तो लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या वापर-परवान्यावर, नोंदणीकृत करारानेच द्यावा. ती नोंदणी करून घेण्याची जबाबदारी कायद्याने घरमालकावर टाकली आहे, आणि मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्याकडून दुप्पट दराने नुकसानभरपाई मागण्याची तरतूदही त्याच कायद्यात आहे.