सही व्हायच्या आधी

मंगळवार, रात्री उशिरा

लोकांना वाटतं, आईबाप एक दिवस समोरासमोर बसतात, उपचार चालू ठेवायचे की थांबायचं ते ठरवतात आणि विषय संपतो. मुलांच्या कॅन्सर वॉर्डात समुपदेशनाचं काम करताना असा एकही दिवस माझ्या पाहण्यात आलेला नाही. निर्णय तुकड्यातुकड्यांनी होतात. प्लेटलेट्स चढवायच्या का? ताप आलाय, दाखल व्हायचं का? दुखऱ्या हाडाला रेडिएशन द्यायचं का? हे रेडिएशन दुखणं कमी करायला असतं, पण नाव काढलं की घरच्यांना आजारच जाईल असं वाटायला लागतं.

आजच्या मुलाचा आजार दुसऱ्यांदा उलटलाय. समोर पहिल्या टप्प्यातल्या औषधचाचणीचे कागद. अशा चाचणीत मुख्यतः औषधाचा किती डोस सुरक्षित आहे ते शोधतात. गाठ आटोक्यात येईल अशी मुलं थोडीच असतात. बाबांनी 'फायदा होण्याची शक्यता' या शब्दांखाली दोनदा रेघ मारली होती. त्याच्या आधीचं पान, रक्ततपासण्या आणि वॉर्डातल्या मुक्कामांचं, कोरं करकरीत. आईने पेन हातात धरलं होतं, सही मात्र केली नाही. बाबा म्हणाले, "एक औषध करायचं राहून गेलं, असं नंतर वाटायला नको." यात वेडेपणा काहीच नाही. चांगला बाप असणं म्हणजे काय, ते त्यांनी एवढ्याच वाक्यात सांगून टाकलं. फक्त ते वाक्य त्यांच्या पुढच्या आयुष्याबद्दल आहे, पोराच्या येत्या महिन्याबद्दल नाही, आणि हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगायचं ते मला अजून जमत नाही.

स्टाफरूममध्ये 'पालक ऐकूनच घेत नाहीत' हे वाक्य सर्रास ऐकू येतं. मला ते पटत नाही. कॅन्सरने गेलेल्या मुलांच्या पालकांचा एक अमेरिकी अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. मूल बरं होणार नाही हे डॉक्टरांना मृत्यूच्या सरासरी २०६ दिवस आधी कळलेलं होतं, पालकांना १०६ दिवस आधी. मधले शंभर दिवस कुणाचे? 'रिस्पॉन्स फारसा नाही', 'पुढची लाइन (म्हणजे पुढची औषधं) बघू' असल्या भाषेत ते निघून जातात. दोघांनाही लवकर कळलं तिथे त्रास कमी करण्याकडे जास्त लक्ष दिलं गेलं, हेही त्याच अभ्यासात आहे. म्हणजे खरं बोलल्याने आईबाप कोसळतात वगैरे सबबी आता पुरे.

तीव्र दुखण्यावरच्या मॉर्फिनचं नाव काढलं तर आईचा पहिला प्रश्न, "म्हणजे आता शेवटच का?" नाही. वजनाप्रमाणे मोजून देतात, सोबत पोट साफ राहायचं औषध देतात, आणि दुखणं आवरलं की पोर उठून बसतं. वेदनाशमन निदानापासूनच सुरू व्हावं, आजारावरचे उपचार चालू असोत वा नसोत, असं जागतिक आरोग्य संघटनेने १९९८ मध्येच म्हटलंय. आपल्याकडे मात्र ती टीम 'सगळं संपल्यावर' बोलावतात, मग लोक घाबरणारच.

आणि पोरगा? वेदना मोजायचं चेहऱ्यांचं कार्ड असतं, पहिला चेहरा हसरा, पुढे जावं तसं दुखणं वाढत जातं. आई शेजारी असली की तो दुसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवतो, सिस्टर एकटी असली की पाचव्यावर. त्याला सगळं कळतंय. मूल गमावलेल्या स्वीडनमधल्या पालकांना २००४ च्या एका अभ्यासात विचारलं होतं. मुलाशी मृत्यूबद्दल बोललेल्या १४७ जणांपैकी एकालाही पश्चात्ताप नव्हता. न बोललेल्यांपैकी साधारण २७ टक्क्यांना होता. प्रत्येकाने बोललंच पाहिजे असा याचा अर्थ मी काढत नाही. पण कार्डाची गोष्ट आईबाबांना सांगितलीच पाहिजे.

उद्या साडेदहाला डॉक्टरांबरोबर बैठक आहे. 'अजून काय करता येईल' याला कायम काहीतरी उत्तर असतंच, म्हणून आईबाबांना तीन प्रश्न लिहून दिलेत: चाचणीत गेलो तर महिन्यातले किती दिवस वॉर्डात जातील? नाही गेलो तर घरी त्याला काय त्रास होऊ शकतो, आणि रात्री दोनला फोन कुणाला करायचा? सही होवो न होवो, वेदनाशमनाच्या डॉक्टरांनाही बैठकीला यायला सांगितलंय.